सहा नंबरचा बिल्ला

पनवेलला टपाल नाक्याजवळ, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर दातारांचं ड्रॉइंग ऑफिस होतं. आत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत देव नव्हता, पाच कॉम्प्युटर होते, आणि धुळीने ते आजारी पडतात असं १९९३ साली ते बसवायला आलेला मुंबईचा माणूस सांगून गेला होता. तो माणूस पुन्हा काही आला नाही, पण चार वर्षं झाली तरी चपला दाराबाहेरच राहिल्या. मोठमोठे साहेबसुद्धा मोजे घालून फरशीवरून चालत यायचे. तळोज्याच्या एका कारखान्याचा भला जाडजूड मॅनेजर तर मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आलेला असताना तासभर पंपांविषयी गंभीरपणे बोलत बसला होता. तिथे ड्रॉइंग काढणाऱ्या माधुरी सोमणला हसू आवरेना, म्हणून ती ड्रॉइंग छापायच्या प्लॉटरच्या मागे जाऊन उभी राहिली होती.

पाचांतल्या एका कॉम्प्युटरवर बसून कोणी काम करायचं नाही, असा नियम होता. तो कोपऱ्यात नुसता घरघरत असायचा आणि बाकीचे चार वायरींनी त्याला बांधलेले होते. त्याचं नाव तिजोरी. तिजोरीत काय होतं? साचे!

म्हणजे झालं होतं असं, की दातारांचं सगळं काम तळोज्याच्या कारखान्यांचं. कुणाला पंप ठेवायला लोखंडी चौकट हवी, कुणाला टाकीवर चढायला शिडी, कुणाला माल पुढे सरकवणारा पट्टा. दर वेळी तेच ते पहिल्या रेघेपासून काढत बसायचं म्हणजे वैताग. मग दातारांनी अशा नऊ जोडण्या एकदाच नीट काढून तिजोरीत ठेवल्या. सहा नंबरची घ्या. तिच्यात पंप, मोटर, खालची चौकट आणि चौकटीतली बोल्टची भोकं सगळं जागच्या जागी होतं. नवं काम आलं की त्याला सहा नंबर जोडायचा. उतरवून घ्यायचा नाही हं, फक्त जोडायचा. नव्या ड्रॉइंगला एवढंच ठाऊक असतं, की आपली चौकट तिजोरीत आहे. दर वेळी उघडलं की ते तिथे जाऊन बघून येतं. म्हणून तिजोरीतला साचा सुधारला की त्याला जोडलेली सगळी कामं आपोआप सुधारतात. आणि बिघडवला तर सगळी बिघडतात.

यावर उपाय म्हणून बिल्ले आले. पितळेचे नऊ गोल बिल्ले, त्यांच्यावर एक ते नऊ आकडे ठोकलेले. तिजोरीच्या डोक्यावर लाकडी फळी होती. फळीच्या वरच्या ओळीत नऊ खिळे, ते बिल्ल्यांचं घर. खालच्या ओळीत माणसांच्या नावाचे खिळे. ज्याला साच्यात फेरफार करायचा असेल त्याने बिल्ला घरातून काढून आपल्या नावाखाली अडकवायचा. बिल्ला बाहेर असला की त्या साच्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, त्यावरचं ड्रॉइंगही छापायचं नाही. बिल्ला घरी असला की साचा पक्का, बिनधास्त जोडा, बिनधास्त छापा. वही नाही, सही नाही. "वही भरायला माणसं विसरतात," दातार म्हणायचे, "खिळा कधी विसरत नाही."

या फळीची मालकीण होती वेणू घरत. कागदावर अर्थात ती मालकीण वगैरे नव्हती, पण ऑफिसात कुणालाही विचारलं असतं तर त्याने तेच सांगितलं असतं. ती पळस्प्याकडच्या एका गावची. वीस वर्षांपूर्वी ट्रेसर म्हणून लागली, पातळ कागदावर काळ्या शाईने रेघा ओढायला. तिची रेघ अशी, की दातार पाहुण्यांना भिंग देऊन ती दाखवायचे. मग कॉम्प्युटर आले आणि चार ट्रेसर घरी गेले. वेणू राहिली, कारण कुठलं ड्रॉइंग कुठल्या नळकांड्यात आहे हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. कॉम्प्युटरवर तिचा हात हळू चालायचा. माधुरी दोन बोटांनी टकाटक पाच रेघा काढून मोकळी व्हायची, तोपर्यंत वेणू माऊस नीट धरत असायची. पण साचे तिला पाठ होते. बिल्ला कुणाकडे आहे, का आहे, परत कधी येणार, हे ती फळीकडे न बघता सांगायची. त्या फळीमुळेच आपण इथे आहोत हे तिला पक्कं माहीत होतं.

तर ते १९९७ चं वर्ष, दसऱ्याच्या आधीचा गुरुवार. आपटा गावाहून रोज एसटीने येणाऱ्या नीलेश मोकलने संध्याकाळी सहा नंबरचा बिल्ला काढून आपल्या नावाखाली अडकवला. एका गिऱ्हाईकाची मोटर लांब होती, तिच्यासाठी साच्यातली भोकं चाळीस मिलिमीटर सरकवून, तेवढं ड्रॉइंग छापून, साचा पुन्हा पहिल्यासारखा करायचा होता. अर्धं काम झालं आणि त्याची गाडी सुटायची वेळ झाली.

"वेणूताई, सहा माझ्याकडे ठेवतोय हां. सोमवारी येऊन पुरं करतो."

"ठेव की. पण उद्या पूजेला येणार ना?"

"उद्या रजा घेतलीय. आपट्याच्या माणसाला दसऱ्याला सुट्टी नको?"

"तुला नुसतं निमित्त पाहिजे!" माधुरीने आपली पर्स उचलता उचलता टोमणा मारला. "पानं तरी आण आम्हाला."

"पोतंभर आणतो. पण एक लक्षात ठेव, आमच्याकडची पानं अस्सल, टपाल नाक्यावर विकतात तसली कांचनाची नाहीत!" असं म्हणत नीलेश जिना उतरून गेला. त्याला लागून सहा महिने होत आले होते. दिवाळीला कायम करायचं की नाही हे दातार ठरवणार होते.

शुक्रवारी खंडेनवमी. या दिवशी दातारांच्या ऑफिसात काम म्हणून नसायचंच. जुने टी-स्क्वेअर, रॉटरिंगची पेनं, प्लॉटर, सगळं पुसून मांडायचं, कॉम्प्युटरना हार घालायचे, हळदकुंकू वाहायचं आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. वेणूचं काम ठरलेलं. तिने फळीवरचे बिल्ले काढले, चिंचेच्या कोळाने घासले, फडक्याने कोरडे केले आणि ताम्हणात एकावर एक रचून ठेवले. दातारांनी पूजा केली. पेढे झाले. सगळे गेल्यावर वेणूने फुलं गोळा केली, ताम्हणातले बिल्ले काढले आणि एक, दोन, तीन, चार करत वरच्या ओळीत अडकवले. नऊच्या नऊ. लखलखत होते अगदी. कुलूप लावताना तिने मागे वळून पाहिलं आणि तिला छान वाटलं.

शनिवारी दसरा, रविवारी सुट्टी.

सोमवारी माधुरी नऊलाच आली. तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्याला पंपाच्या सहा चौकटी हव्या होत्या, बुधवारी त्यांचा कारखाना बंद राहणार होता, तेवढ्यातच त्या बसवायच्या होत्या. सहा नंबरला जोडलेलं ड्रॉइंग गेल्या आठवड्यातच तयार होतं. तिने फळीकडे बघितलं. सहा नंबर घरी. तिने ड्रॉइंग उघडलं, ड्रॉइंगने तिजोरीत जाऊन चौकट बघून घेतली, प्लॉटर कर्र कर्र करत पेन फिरवून मोकळा झाला. माधुरीने वरवर नजर टाकली. कारखान्याचं नाव बरोबर, तारीख बरोबर. भोकांची मापं तिने तपासली नाहीत. तिजोरीतून आलेलं त्या ऑफिसात कुणीच तपासत नसे, तपासावं लागू नये म्हणून तर तिजोरी होती. साडेनऊला कळंबोलीचा टेम्पो खाली आला आणि ड्रॉइंग लोखंडी चौकटी बनवणाऱ्या महादेव भोईरच्या शेडकडे गेलं.

साडेदहाला नीलेश आला, हातात आपट्याच्या पानांची ही एवढी मोठी पिशवी. ती टेबलावर टाकून तो फळीपाशी गेला आणि डोकं खाजवत उभा राहिला.

"वेणूताई, माझा सहा नंबर कुठे गेला?"

"घरीच आहे की," वेणू सवयीने म्हणाली.

"घरी कसा? माझं काम अर्धं आहे."

वेणूने मान वर केली. शुक्रवारची दुपार तिला स्पष्ट दिसली. आठ बिल्ले तिने वरच्या ओळीतून काढले होते. नववा खालच्या ओळीतून, नीलेशच्या खिळ्यावरून. तो काढताना कागदाचा एक तुकडा खाली पडला होता, तो उचलून तिने टोपलीतसुद्धा टाकला होता. इतकं सगळं आठवत होतं.

"माधुरी," ती म्हणाली, "रंगवाल्यांचं ड्रॉइंग गेलं का गं?"

"कधीच गेलं! आज मी किती फास्ट, बघा."

वेणूने महादेवला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. मग कुणाला काही न सांगता ती दाराबाहेर आली, चपला पायात सरकवल्या आणि सहा सीटर रिक्षा पकडून कळंबोलीला गेली. गाडीत तिच्या शेजारी बसलेली बाई वाटभर आपल्या सुनेविषयी सांगत होती. वेणू हूं हूं करत राहिली.

लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला महादेवची शेड. महादेव तिच्या माहेरच्या गावचा. फोनचा रिसीव्हर त्याने काढून बाजूला ठेवला होता. ड्रिल चालू असताना फोन वाजला की त्याचं डोकं फिरायचं.

"आगो वेणू! तू कशी आलीस? आनि येवढी धापा टाकतेस?"

"दादा, आधी मशीन बंद कर."

महादेवने बटण दाबलं. शेडमध्ये एकदम शांत झालं. "दोन चौकटी झाल्या बघ. भोका पार काठाला येतात. मी मनात बोल्लो, हे काय बरोबर दिसत नाय. पन तुमचा कम्पूटर बोलतो तं असंलच बरोबर, आमी कोन इचारनार?"

वेणूने वाकून बघितलं. साच्यात भोकं सरकली होती, पण चौकट लांब करायची राहून गेली होती. म्हणून शेवटची दोन भोकं चौकटीच्या लोखंडी चॅनेलच्या अगदी कडेला, बोल्ट आवळला तर लोखंड फाटेल अशी.

"बाकीच्या चार थांबव. दुसरं ड्रॉइंग पाठवते दुपारी. आमचं चुकलंय."

"तुमचा म्हंजे कोनाचा?"

वेणूने पदराने कपाळ पुसलं. "मागून सांगते," ती म्हणाली.

ती परतली तेव्हा बारा वाजून गेले होते. महादेवने रिसीव्हर जागेवर ठेवून पहिला फोन दातारांनाच केला होता. दातार मधोमध उभे होते. ते मोठ्याने कधीच ओरडत नसत. आवाज खाली आला की समजायचं, संपलं. त्यांचा आवाज आता फार खाली आला होता.

"मोकल, बिल्ला न घेता तुम्ही मूळ साचा उघडलात."

"सर, घेतला होता. गुरुवारी. शपथ सर."

"मग सकाळी तो घरी कसा होता? पाय फुटले त्याला?"

माधुरी म्हणाली, "सर, मी बघूनच छापलं. घरीच होता."

तेवढ्यात दातारांना वेणू दिसली. "या घरतबाई. तुम्ही धावत गेलात म्हणून चार चौकटी वाचल्या. आता तुम्हीच सांगा. सहा नंबर सकाळी घरी होता ना?"

नीलेशने वेणूकडे बघितलं. त्याच्या नजरेत नुसती आशा होती. गुरुवारी बिल्ला ठेवतोय म्हणून त्याने तिलाच तर सांगितलं होतं, माधुरी तेव्हा पर्समध्ये डोकं घालून होती, तिने ते ऐकलं नव्हतं.

वेणूच्या मनात एका क्षणात बरंच काही येऊन गेलं. ते चार ट्रेसर येऊन गेले. माऊस धरणारा आपला हात येऊन गेला.

"सकाळी घरीच होता," ती म्हणाली.

यात एक शब्दसुद्धा खोटा नव्हता. दातारांनी तेवढंच विचारलं होतं आणि तिने तेवढ्याचंच उत्तर दिलं होतं.

"ठीक आहे," दातार म्हणाले. "मोकल, आजचा दिवस बसा, हातातली कामं सोमणांना समजावून द्या. पत्र मी संध्याकाळी देतो." आणि ते आपल्या खोलीत गेले.

नीलेश ऑफिसच्या फोनपाशी गेला, एक नंबर फिरवला, अगदी हळू आवाजात दोन वाक्यं बोलला आणि फोन ठेवून आपल्या जागेवर येऊन बसला.

वेणूने सहा नंबरचा साचा जुन्या फ्लॉपीवरून परत पहिल्यासारखा केला. माधुरीने ड्रॉइंग पुन्हा छापलं. या वेळी वेणूने पट्टी घेऊन प्रत्येक भोक मोजलं आणि कागद कळंबोलीला धाडला. मग डबे उघडले. माधुरी म्हणाली, "मला वाईट वाटतंय हो त्याच्यासाठी. पण असं कसं खोटं बोलतो माणूस? एवढी शपथ वगैरे!" वेणूच्या डब्यात सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी होती. तिने भाकरीचे चार तुकडे केले, मग आठ केले आणि झाकण लावून डबा पिशवीत टाकला.

दीड ते साडेचार हे तीन तास ती जागेवर बसून होती. एक शिडी काढत होती, पायऱ्या अकरा हव्या होत्या, तिने तेरा काढल्या. समोरच्या टेबलावर नीलेश माधुरीला आपली कामं समजावून देत होता, अगदी नीट, कुठे काय अडेल तेसुद्धा सांगत होता. मध्येच माधुरीने काहीतरी विचारलं, तर तो म्हणाला, "ते वेणूताईंना विचार, त्यांना साचे पाठ आहेत."

वेणू उठली आणि दातारांच्या खोलीत गेली. बसा म्हटल्याशिवाय ती कधी बसत नसे. आज बसली.

"साहेब, बिल्ला त्याच्याच खिळ्यावर होता. गुरुवारी त्याने मला सांगून ठेवला होता. पूजेसाठी मी सगळे काढले आणि लावताना सगळे घरी लावले."

दातारांनी चष्मा काढला.

"मी स्वतःच तर पूजा केली त्यांची," ते म्हणाले. "ताम्हणात नऊ होते. माझ्याही डोक्यात आलं नाही." मग चष्मा पुन्हा लावला. "पण दुपारी मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही उत्तर दिलंत."

"हो."

"चूक एक वेळ मी समजू शकतो घरतबाई. ते उत्तर नाही."

दातारांनी टेबलावरचं अर्धं लिहिलेलं पत्र फाडलं. नीलेशने अर्धं काम मूळ साच्यात ठेवायला नको होतं, आधी आपल्याकडे प्रत काढून करायला हवं होतं, ते मी त्याला सांगेन, म्हणाले. पण तो राहील. आणि उद्यापासून फळी आणि तिजोरी सोमणांकडे. तुम्ही नुसतं ड्रॉइंग करा. हात हळू चालतो ते माहीत आहे, चालू दे. एवढं बोलून त्यांनी समोरचा दुसरा कागद ओढला. वेणू बाहेर आली.

तिला वाटलं होतं, बाहेर आल्यावर रडू येईल. तसं काही झालं नाही. भिंतीला टेकलेला जुना टी-स्क्वेअर, त्याला अजून हळदकुंकू लागलेलं, माधुरीच्या टेबलाखालची पांढऱ्या मोज्यांची जोडी, सगळं होतं तसंच होतं. ती थेट नीलेशच्या टेबलाशी गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. माधुरी बाजूलाच होती, तिच्यादेखत सांगितलं.

नीलेश ऐकत राहिला. तो आनंदाने उडी वगैरे मारेल असं माधुरीला वाटलं होतं. तिने टाळी वाजवायला हातसुद्धा उचलले होते, ते तिने खाली ठेवले.

"तुम्हाला कधी कळलं होतं?" त्याने विचारलं.

"साडेदहाला. तू विचारलंस तेव्हाच."

"आणि आत्ता साडेचार झाले."

"घाबरले होते रे."

"दुपारी मी घरी कळवून टाकलं," नीलेश म्हणाला. "शेजारच्या कमळाबाईंकडे फोन आहे, तिथे. आईला निरोप द्या म्हटलं, नोकरी गेली. कमळाबाईंना सांगितलं म्हणजे पाताळगंगेच्या दोन्ही काठांवर सांगितल्यासारखं आहे. एव्हाना सगळं गाव म्हणत असेल, काहीतरी लबाडी केली असेल म्हणूनच काढलं."

वेणू म्हणाली, "मग आता पुन्हा फोन कर, राहिलीय म्हणून सांग."

"मी सांगू? माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? म्हणतील, लाज वाटते म्हणून बोलतोय."

तो उठला. फोनपाशी गेला, नंबर फिरवला, कान देऊन वाट बघितली. पलीकडून कुणी उचलल्यावर म्हणाला, "कमळाबाई, मी नीलेश. आईला बोलावता का जरा? हो, आत्ताच. धरतो." आणि त्याने रिसीव्हर वेणूपुढे केला.

वेणूने तो घेतला. पलीकडे कुणाच्या तरी अंगणात कोंबड्या कलकलत होत्या. एक बाई मोठ्याने हाक मारत गेली, "गंगूताय, आगो गंगूताय, तुज्या नीलेशचा पुन्यांदा फोन!" मग बराच वेळ नुसत्या कोंबड्या. माधुरीने हळूच खुर्ची पुढे सरकवली. वेणू बसली नाही.

मग अनवाणी पावलं धावत आल्याचा आवाज झाला आणि घाबरलेला श्वास कानाशी आला. "हालो? नीलेश? काय रं झाला अजून?"

"नीलेश नाही," वेणू म्हणाली. "मी पनवेलहून बोलते, वेणू घरत. त्याच्या ऑफिसातली. गंगूताई, त्याची नोकरी गेलेली नाय. चूक माझी होती. तुमी जरा बसा, मी सगळा पहिल्यापासून सांगते."